तोंडातल्या चुका

ते भांडण ऐकलं तेव्हा ठोकताई ही ठोकताई नव्हती. अकरा वर्षांची पोर होती आणि उलटा करून ठेवलेल्या कोचाच्या पोटात बसली होती. कोचाचं खालचं फडकं फाडून काढलेलं, आत स्प्रिंगा, आणि स्प्रिंगांच्या मधे तिच्यापुरती जागा. बाहेर तिचा बाप आणि बापाचा थोरला भाऊ, म्हणजे तिचे काका, एकमेकांवर आवाज चढवून बोलत होते. विषय तीच होती.

बापाचा धंदा खुर्च्या-कोच मढवायचा. या धंद्यात लाकडाला कापड ठोकायला ज्या बारीक, चपट्या डोक्याच्या खिळ्या लागतात त्यांना चुका म्हणतात. कारागीर मूठभर चुका तोंडात टाकतो आणि डाव्या गालात धरतो. एकेक चूक जिभेनं फिरवून डोक्याकडून ओठांवर आणायची, चुंबकाची हातोडी ओठांशी न्यायची, चूक तिला चिकटते, की ठोक. एका हातानं कापड ताणलेलं, दुसऱ्या हातात हातोडी, मग चुका धरायला तिसरा हात कुठून आणायचा? म्हणून तोंड. त्या सकाळी बापानं पोरीला पहिल्यांदा चार चुका गालात धरायला दिल्या होत्या आणि काकांनी ते नेमकं पाहिलं होतं.

काका म्हणत होते, "पोरीच्या तोंडात चुका देतोस? उद्या दात पडले म्हणजे? घराण्याचं नाक कापलं जाईल."

बाप म्हणाला, "दादा, नाक आणि दात देवानं वेगळ्या जागी लावलेत. एक गेलं म्हणून दुसरं जात नाही."

"आणि पडलेच तर?"

"पडले तर तिचे ती बघेल."

पोर कोचाच्या पोटात श्वास धरून होती आणि गालात त्या चार चुका. घाबरून एखादी गिळली नाही, हे नशीबच म्हणायचं. पण बापाचं ते वाक्य मात्र तिनं गिळलं, आणि ते पुढं जन्मभर पचत राहिलं. तिचे ती बघेल. शाळेत चौथीपलीकडं गेली नाही, पण एवढे तीन शब्द तिला पुरले.

पुढं हात बसला तशी ती बापाच्या तोडीस तोड झाली. ठोकायचीही ठोक आणि बोलायचीही ठोक, म्हणून गल्लीनं नाव ठेवलं ठोकताई. अर्थात बोलायची कमीच. दिवसभर गालात चुका, बोलणार कशी? लग्नाचं कुणी काढलं की ती ओठांकडं बोट दाखवायची, तोंड भरलंय अशी खूण करायची आणि पुढची चूक ठोकायची. असं करता करता विचारणारेच थकले.

बाप गेल्यावर दुकान तिचं आणि धाकट्या भावाचं झालं. पुढं भाऊ बसायचा, गिऱ्हाइकांना कापडाचे नमुने दाखवायचा, गोड बोलायचा. मागं ठोकताई. काकांची बायको गेली, मुलं पांगली, तसे काकाही दुकानातच येऊन बसायला लागले. दाराजवळ उंच हातांची एक खुर्ची त्यांची ठरलेली. सकाळी यायचे ते दिवे लागेपर्यंत बसायचे आणि मागं हातोडी चालली की मान वळवून पुतणीच्या गालाकडं बघायचे. काही बोलायचे नाहीत. वाट बघायचे.

सत्तेचाळीस वर्षं वाट बघितली त्यांनी. ठोकताईला अठ्ठावन्न वर्षं पूर्ण झाली आणि खालच्या डाव्या बाजूच्या दोन दाढा हलायला लागल्या. हिरड्यांतून रक्त तर पंधरा वर्षं येत होतं, पण रक्त काय, सुई टोचली तरी येतं, असं म्हणून तिनं कधी मनावर घेतलं नव्हतं. दोन्ही दाढा काढाव्या लागल्या. गालावर फडकं धरून ती दुकानात आली तेव्हा काका खुर्चीतून म्हणाले, "मी म्हटलं होतं."

बस, एवढंच. पण ते त्यांनी असं म्हटलं, जसं कुणी जुन्या पेटीतून जपून ठेवलेला कोट काढून अंगावर चढवावा.

भाऊ म्हणाला कवळी करून घे. ठोकताईनं काकांच्या कवळीकडं बघितलं. ती काकांच्या आधी हसायची आणि काकांच्या नंतर थांबायची. ठोकताई म्हणाली, काढून पेल्यात ठेवायचं असलं काही मला नको. माझ्या तोंडात जे असेल ते माझं असेल. आणि तिनं हाडात स्क्रू बसवून त्यावर दात चढवायचे ठरवले. डॉक्टर त्याला इम्प्लांट म्हणतात. ठोकताई म्हणायची, स्क्रूचे दात.

दातांचा दवाखाना चपलांच्या दुकानावर, एक जिना चढून. डॉक्टरीणबाई तरुण, हात हलका. ठोकताई आत गेली ती आधी दवाखान्याच्या खुर्चीभोवती एक चक्कर मारून आली, डोकं टेकायच्या जागी रेक्झिनची शिवण उसवलीय ते दाखवलं, आणि मगच बसली. काम महिनोन् महिने चाललं. आधी स्क्रू, मग हाड धरेपर्यंत थांबायचं, मग वर दात. शेवटच्या दिवशी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पक्के बसलेत. मग बरंच काही सांगितलं. तोंडात चुका धरायच्या नाहीत हे तर पहिल्या दिवसापासून सांगून ठेवलं होतंच. शिवाय मऊ ब्रशानं दोनदा घासायचं, दोन दातांमधल्या फटीत घालायला काडीएवढा ब्रश मिळतो तो रोज फिरवायचा, आणि दर चार महिन्यांनी येऊन दाखवायचं.

ठोकताईनं ऐकलं ते एवढंच, की पक्के बसलेत.

आता यात तिची चूकही तिच्या धंद्यातलीच. मढवणाऱ्याकडं जी खुर्ची चार महिन्यांत परत येते ती बिघडलेली. नीट ठोकलेली खुर्ची बारा वर्षं तोंड दाखवत नाही. चार महिन्यांनी उठून डॉक्टरीणबाईंच्या दारात जायचं म्हणजे, बाई, तुमचं काम कच्चं होतं, असं तोंडावर सांगण्यासारखं. एवढ्या भल्या बाईचा असा अपमान कोण करील? ठोकताई गेली नाही. चांगुलपणानं गेली नाही.

चुका मात्र खरंच सोडल्या होत्या. डबीतून एकेक उचलायची. कापड एका हातानं धरलेलं, ते सोडून डबीकडं हात, परत कापड ताणायचं. काम गोगलगाईसारखं चाललं. त्यातच एका सभागृहाच्या एकशेऐंशी खुर्च्या आल्या, वीस दिवसांची मुदत. दोन दिवस डबी चालली. तिसऱ्या दिवशी दुपारी पाहते तो जीभ एक चूक फिरवत होती. गालात केव्हा टाकल्या तिलाच कळलं नाही. जिभेला पन्नास वर्षांची सवय, ती कुणाला विचारायला बसते?

खुर्च्या वेळेत गेल्या. नंतरही चुका गालातच राहिल्या. पुढं घासताना त्या बाजूला रक्त दिसायला लागलं. ठोकताईनं विचार केला, जखम झाली असेल, जखमेला हात लावू नये. म्हणून तिकडं ब्रश न्यायचाच बंद केला. मग हिरडी लाल झाली, फुगली, शिवणीतून फोम बाहेर यावा तशी दातावर चढली. पण दुखत नव्हती. दुखत नाही म्हणजे काही नाही, असं तिनं ठरवून टाकलं.

घरात हे पहिल्यांदा कळलं भावजयीला. ही बाई अंगानं लहान, आवाज कधी चढवायची नाही, पण कपडे तीच धुवायची, त्यामुळं घरातलं काही तिच्यापासून लपायचं नाही. एक दिवस वाळत घालता घालता म्हणाली, "वन्सं, तुमच्या रुमालाला रोज गुलाबी डाग पडतोय. कापडाचा रंग जातोय की तुमचा?"

ठोकताईनं रुमाल हातातून ओढून घेतला. "काकांना सांगू नकोस."

म्हणजे बघा, दात जातील याची भीती नव्हती असं नाही. ती होतीच. पण त्याहून मोठी भीती होती दाराजवळच्या त्या खुर्चीची. एकदा म्हणाले होते, ते ऐकून घेतलं. दुसऱ्यांदा ऐकायची ताकद नव्हती.

भावजय म्हणाली, "काकांना कशाला सांगू? त्यांना काय कळतंय हिरडीतलं? डॉक्टरीणबाईंना सांगते." आणि पायात चपला घालून उभी राहिली.

डॉक्टरीणबाईंनी बारीक खुणा केलेली एक सळी हलकेच हिरडीच्या कडेनं फिरवली. जिथं लावली तिथं रक्त. फोटो काढला, उजेडासमोर धरून बराच वेळ बघितला. मग शांतपणे सांगितलं, की हाड अजून शाबूत आहे, सूज फक्त हिरडीत आहे. आत्ता हात लावला तर उतरेल. पण अशीच राहिली तर हाडात जाईल, हाड झिजेल, स्क्रू सुटतील. आणि एकदा ते हाड गेलं तर त्या जागी दुसरा स्क्रू धरायला काही उरेलच असं सांगता येत नाही. ठोकताईनं विचारलं, मग दुखत कसं नाही? तर म्हणाल्या, ही सूज सुरुवातीला बहुतेक दुखतच नाही. दुखायची वाट बघत बसलात तर उशीर होतो. रक्त आलं की तीच तक्रार समजायची, आणि हात आखडायचा नाही, उलट हलक्या हातानं नीट साफ करायचं आणि येऊन दाखवायचं.

मग खुर्ची थोडी सरळ करून त्यांनी विचारलं, "मावशी, खरं सांगा, रोजचं काय होतंय?"

ठोकताई खाली मान घालून म्हणाली, "चुका."

"अहो, चुका सगळ्यांच्याच होतात. त्यात लाजायचं काय?"

"होत नाहीत. धरते. तोंडात."

डॉक्टरीणबाईंना दोन क्षण लागले. मग त्यांनी भावजयीकडं बघितलं, आणि भावजयीनं पदर तोंडाला लावला. ठोकताईलाही हसू फुटलं, पण तोंडात कापूस होता, म्हणून ते नाकातून बाहेर आलं.

हसणं ओसरल्यावर डॉक्टरीणबाई समजावत होत्या, की दात जिथं हिरडीत शिरतो त्या कडेला बारीक खळगा असतो. घाण तिथं साठते. वरून दात कितीही पांढरा असो, सूज येते ती त्या कडेपासून. चुका तिथंच घासत होत्या, आणि ब्रश तिथंच जात नव्हता. ऐकता ऐकता ठोकताईचा हात खुर्चीच्या बाजूनं खाली गेला. जिथं बैठक आणि पाठ मिळतात त्या फटीत तिनं दोन बोटं घातली, चाचपलं, आणि आतून एक वाळका कापसाचा बोळा, कागदी पेल्याची कड आणि चिमूटभर धूळ काढून डॉक्टरीणबाईंच्या तळहातावर ठेवली.

"इथं?" तिनं विचारलं.

डॉक्टरीणबाई तळहाताकडं बघत राहिल्या. "हो. तिथंच."

मग काय, ठोकताईला सगळं आरपार दिसलं. पन्नास वर्षं ती हेच बघत आली होती. लोक कोच वरून झाडतात, कापडावर हात फिरवतात, पाहुण्यांना दाखवतात. फटीत कुणी बोट घालत नाही. आणि कोच कुजतो तो कायम फटीतून. तिनं एकच विचारलं, की चार महिन्यांनी बोलावता ते काम कच्चं म्हणून नव्हे? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काम पक्कं आहे, पण तोंडातल्या या खुर्चीवर तुम्ही दिवसातून तीनदा जेवायला बसता. तुमच्या दुकानातली कुठली खुर्ची एवढं सोसते?

त्याच दिवशी त्यांनी ती कड स्वच्छ करून दिली. पंधरा दिवसांनी परत बोलावलं. काडीएवढे ब्रश दोन मापांचे दिले, एक दोन दातांमधल्या फटीला आणि एक मागच्या कडेला, आणि जाड मऊ दोराही दिला. ठोकताईनं दोरा बोटांत चोळून बघितला आणि विचारलं, वाकड्या सुईत ओवून चालेल का, आमच्याकडं आहे चांगली. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही हात जोडले. म्हणाल्या, सुई नाही, दाभण नाही, घरातली कुठलीही हत्यारं नाहीत.

दुकानात भावाला कळलं, आणि भावाला कळलं म्हणजे काकांना कळलं. भाऊ म्हणाला, ताई, आता पुरे झालं, स्टेपलची बंदूक आणतो, माणूस ठेवतो, तू घरी आराम कर. भाऊ वाईट नव्हता. पण लोकांची काळजी कधी कधी उशीसारखी असते, प्रेमानं तोंडावर ठेवली तरी जीव गुदमरतो. ठोकताई काही बोलणार तेवढ्यात दाराजवळच्या खुर्चीतून आलंच.

"मी म्हटलं होतं."

ठोकताई उठली. काकांच्या समोर जाऊन उभी राहिली.

"म्हटलं होतंत. आणि बाबांनी काय म्हटलं होतं तेही मी ऐकलंय. त्या उलट्या कोचात बसले होते मी."

एवढ्या वर्षांत काकांना हे ठाऊक नव्हतं. बाप तर ते न कळताच गेला होता.

"दात पडलेले नाहीत अजून," ती म्हणाली. "माझे मी बघते आहे. बघायचं असेल तर तुम्हीही बघा."

आणि तिनं तांब्या आणि तसराळं आणलं, भिंतीवरचा आरसा काढून कापडाच्या गठ्ठ्याला टेकवला, आणि तिथं, भर दुकानात, काकांच्या समोर बसून दात साफ केले. आधी मऊ ब्रश, सावकाश, कडेकडेनं. मग काडीचा ब्रश, आतून बाहेर, बाहेरून आत. मग दोरा. रक्त आलं, ते लपवलं नाही, चूळ भरून तसराळ्यात टाकलं. दोन गिऱ्हाइकं आली, ती नमुने बघायचं सोडून हिलाच बघायला लागली. भावाचा चेहरा पडला. तो हळूच म्हणाला, ताई, दुकान आहे हे. ती म्हणाली, "दुकानच आहे. बसवलेल्या वस्तूची निगा कशी राखायची ते गिऱ्हाइकाला कळू दे."

त्या दिवसापासून दुपारच्या जेवणानंतर तसराळं तिथंच यायचं. सकाळ-संध्याकाळचं घरी, दुपारचं काकांसमोर. काकांनी चार दिवस तोंड फिरवलं. पाचव्या दिवशी बघायला लागले.

बंदूक आली. ठोकताईनं तिला हात लावला नाही. घरीही बसली नाही. तिनं मोडक्या कर्ण्यातलं चुंबक काढलं, चामड्यात शिवलं आणि डाव्या मनगटाला पट्ट्यासारखं बांधलं. चुका मनगटावर चिकटवायच्या, हातोडीनं तिथून उचलायच्या. पहिल्या दिवशी त्या चुंबकानं हातोडीलाच असं ओढलं, की मनगट काळंनिळं झालं. दुसऱ्या दिवशी बारीक चुंबकं शोधून आणली. आठवड्याभरात हात बसला. पूर्वीचा वेग आला नाही, खोटं कशाला सांगा. दिवसाला दोन खुर्च्या कमी व्हायच्या. भावानं ते बोलून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "दोन खुर्च्या कमी, दोन दात जास्त."

एक गोष्ट मात्र कुणाच्या ध्यानात आली नव्हती. तोंड रिकामं झालं, आणि पन्नास वर्षं गालात अडकलेलं सगळं बाहेर यायला लागलं. ठोकताई बोलू लागली. कापडावर, गिऱ्हाइकांवर, गल्लीतल्या नळावर, भावाच्या गोड बोलण्यावर. भावानं दातांच्या कण्या केल्या, की ताई, जरा वेळ गप्प बस. एकदा तर वैतागून म्हणाला, त्यापेक्षा चुका बऱ्या होत्या. भावजय म्हणाली, "वन्सं, तुम्ही बोलत राहा. इतकी वर्षं घरात माझ्याशी बोलायला कुणी नव्हतं."

तीन महिन्यांनी डॉक्टरीणबाईंनी सळी फिरवली तेव्हा रक्ताचा टिपूस आला नाही. हिरडी दाताला घट्ट बसली होती. काकांना हे कुणी सांगितलं नाही, पण त्यांना दिसतच होतं. रोज तसराळ्यातलं पाणी तेच बघत होते. एक दिवस ते खुर्चीतून उठून उभे राहिले. खुर्चीची बैठक खचली होती, तिच्यावर हात ठेवून भावाला म्हणाले, ही मढवून पाहिजे. भावानं बंदूक घेतली.

"बंदूक नको," काका म्हणाले. मागं बघून आवाज दिला, "तू कर गं. चुका मार."

ठोकताईनं ती खुर्ची दीड दिवस घेऊन केली. काका त्या खुर्चीत आणखी तीन वर्षं बसले.

पुढं ठोकताई एकोणऐंशी वर्षांची होऊन गेली. म्हणजे स्क्रूचे दात तिनं वीस वर्षं चालवले. मधे एकदा आजारपणात पडून होती तेव्हाही भावजयीला म्हणायची, आधी ब्रश आण, मग औषध. डॉक्टरीणबाईंचे केस पिकले. दर चार महिन्यांनी ही जिना चढायची, आणि दर खेपेला खुर्चीच्या फटीत बोटं घालून बघायची. काही सापडलं तर ते समोर ठेवायची आणि म्हणायची, आधी तुमचं बघा.

जायच्या आठवडाभर आधी तिची चार महिन्यांची तारीख होती. गुडघे धरले होते, भावजय म्हणाली पुढच्या आठवड्यात जाऊ. ठोकताई म्हणाली, तारीख ती तारीख. डॉक्टरीणबाईंचं बसायचं चाकांचं गोल स्टूल तिच्याकडं मढवायला आलं होतं, तेही द्यायचं होतं. स्टूल काखेत, कठड्याला धरून एकेक पायरी, मधे दोनदा थांबून, वर गेली. स्टूल जागेवर ठेवलं, हातानं दाबून बघितलं, चाक फिरवून बघितलं. मग खुर्चीच्या फटीत बोटं घातली. काही नव्हतं. तिनं मान हलवली आणि बसली. सळी फिरली, रक्त नव्हतं. पुढची तारीख कागदावर लिहून घेतली.

खाली उतरून औषधांच्या दुकानात दोन मापांचे ब्रश घेतले. दुकानदारानं चुकून दोन्ही एकाच मापाचे काढले, ते परत करून बदलून घेतले. घरी आली, चपला दाराशी काढल्या, भावजयीला म्हणाली तसराळं आण, आणि आरशासमोर बसली.